आयर्लंडच्या संसदेत सिनेटर रोज नक्की काय बोलतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडून आणि पॉलिटिक्स शिकणाऱ्या मुलामुलींकडून हे प्रश्न परत परत येतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतेय. माझं मत आधीच सांगते, सिनेटर कसा आहे हे बघायचं असेल तर व्हायरल झालेलं भाषण बाजूला ठेवा आणि एखाद्या साध्या बुधवारचं कामकाज वाचा. खरं काम तिथे दिसतं.

सिनेट म्हणजे कुठलं सभागृह? डॉल वेगळं का?

हो, वेगळं. आयर्लंडच्या संसदेला इरख्तस म्हणतात, त्यात राष्ट्राध्यक्ष आणि दोन सभागृहं, खालचं डॉल आणि वरचं शॅनड, म्हणजेच सिनेट. दोन्ही डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवर लेन्स्टर हाउसमध्ये बसतात. शॅनडचे मेंबर ६० आणि त्यांच्या सभापतीला कहीरलख म्हणतात. पहिलं सिनेट १९२२ ला बसलं, कवी डब्ल्यू. बी. येट्ससुद्धा त्यात होते, मग १९३६ ला तेव्हाचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा यांनी ते बंदच करून टाकलं आणि १९३७ च्या नव्या राज्यघटनेत परत आणलं, अर्थात बरंच कमी पॉवर देऊन.

हे लोक निवडून कसे येतात? आपल्यासारखे लोक मत देतात का?

थेट नाही. ६० पैकी ११ जणांना टीशख, म्हणजे पंतप्रधान, नेमतात. ६ जण युनिव्हर्सिटीच्या पदवीधरांच्या मतांवर येतात, आत्तापर्यंत तीन ट्रिनिटी कॉलेजचे आणि तीन नॅशनल युनिव्हर्सिटीचे. राहिलेले ४३ पाच पॅनेलमधून येतात: शेती, कामगार, उद्योग-व्यापार, संस्कृती-शिक्षण आणि प्रशासन. या ४३ साठी मतदार कोण, तर देशभरातले ९४९ कौन्सिलर, नवीन डॉलचे मेंबर आणि जुन्या शॅनडचे मेंबर, बस.

आपली विधान परिषद ज्यांना माहिती आहे त्यांना हे पटकन कळतं, पदवीधर मतदारसंघ, स्थानिक स्वराज्य संस्थांचे मतदारसंघ, नेमलेले मेंबर, सगळं ओळखीचं वाटतं. आणि राज्यसभेत राष्ट्रपती जे १२ मेंबर नेमतात ती कल्पना आपल्या घटनाकारांनी आयर्लंडच्या घटनेवरूनच घेतली होती.

पदवीधरांच्या जागांची एक गोष्ट मात्र चीड आणणारी आहे. १९७९ ला जनमत घेऊन घटना बदलली की बाकीच्या कॉलेजांच्या पदवीधरांनाही मत देता यावं, आणि त्यावर कायदा कुणी केलाच नाही, चाळीस वर्षांच्या वर! शेवटी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सध्याची पद्धत घटनेत बसत नाही असं सांगितलं तेव्हा कुठे २०२४ ला कायदा झाला. पुढच्या निवडणुकीपासून उच्च शिक्षणाचा सहा जागांचा एकच मतदारसंघ असेल.

आमच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. आमचा याच्याशी काय संबंध?

आहे, आणि हे फार कमी लोकांना माहिती असतं. आयर्लंडमध्ये लोकल इलेक्शनला नागरिकत्व लागत नाही, तिथे राहत असाल आणि वयाची १८ वर्षं पूर्ण असतील तर नाव नोंदवून कौन्सिलरसाठी मत देता येतं. आणि ते कौन्सिलरच ४३ सिनेटर निवडून देतात. म्हणजे तुमचं मत एक पायरी ओलांडून शॅनडपर्यंत पोचतं. त्यामुळे इमारतीतल्या डॅम्पसाठी किंवा बस रूटसाठी कौन्सिलरला मेल टाकता तेव्हा सिनेटरलाही सीसीमध्ये घ्या असं मी सगळ्यांना सांगते.

आणि हो, टीशख झालेले लिओ वराडकर, त्यांचे वडील सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे, ते स्वतः २०१९ च्या शेवटी गावी जाऊनही आले होते. पण ते डॉलचे मेंबर होते, सिनेटर नव्हते, या दोन्ही गोष्टींची गल्लत होते म्हणून लिहिलं.

रोजच्या कामकाजात सिनेटर बोलतात म्हणजे नक्की कशावर?

दिवसाच्या कामकाजाचा जो भाग सगळ्यात जास्त जिवंत असतो तो म्हणजे ऑर्डर ऑफ बिझनेस. सभागृहाचा लीडर सांगतो आज काय काय घ्यायचंय, आणि त्यावर बोलायच्या निमित्ताने प्रत्येक सिनेटर दोन-तीन मिनिटांत आपला विषय मांडतो. एक जण हॉस्पिटलमधल्या ट्रॉलीवर पडून असलेल्या पेशंटबद्दल बोलतो, पुढची बाई गाझाबद्दल, त्यानंतरचा गावातली पोस्ट बंद होतेय म्हणून, मग कुणीतरी काउंटीची हर्लिंग टीम जिंकली म्हणून अभिनंदन. नवीन माणसाला हा नुसता गोंधळ वाटतो. पण थोडे दिवस सलग वाचलंत की कळतं कोण आपला विषय सोडत नाही. तोच विषय जानेवारीत, मार्चमध्ये, सप्टेंबरमध्ये, दर वेळी नवीन माहिती घेऊन, असा जो सिनेटर दिसेल त्याच्याकडे लक्ष द्या.

यात एक हत्यारही आहे. सिनेटर नुसतं 'मिनिस्टरने यावर चर्चेला यावं' असं म्हणून थांबू शकतो, किंवा मग आजच्या कामकाजाच्या क्रमातच दुरुस्ती सुचवू शकतो की आजच मिनिस्टरला बोलवा. दुसऱ्या कुणी अनुमोदन दिलं की लीडरला एकतर मान्य करावं लागतं नाहीतर मतदानाला सामोरं जावं लागतं. सरकारकडे बहुमत असतं त्यामुळे बहुतेक वेळा ती पडते, पण कोणी विरोधात हात वर केला हे कायमचं नोंदलं जातं.

सिनेटर मिनिस्टरला थेट प्रश्न विचारू शकतो का?

डॉलच्या मेंबरसारखा नाही, लेखी-तोंडी प्रश्नांचा जो अधिकार डॉलमध्ये आहे तो सिनेटरला नाही. त्याऐवजी असतात कमेन्समेंट मॅटर्स, कामकाज सुरू होतानाच घेतात म्हणून हे नाव. सिनेटर एक नेमका विषय देतो, कहीरलख त्यातले थोडे निवडतात, मिनिस्टर किंवा राज्यमंत्री येऊन उत्तर देतो आणि सिनेटरला परत थोडक्यात बोलता येतं.

मला शॅनडच्या कामकाजातला हा सगळ्यात उपयोगी भाग वाटतो कारण विषय अगदी नेमका असतो, अमुक गावातल्या शाळेची नवीन बिल्डिंग, अमुक औषध सरकारी यादीत का नाही, तमुक स्टेशनवरची लिफ्ट. अडचण एकच, कित्येकदा त्या खात्याचा मिनिस्टर येतच नाही, दुसऱ्याच खात्याचा राज्यमंत्री येतो आणि लिहून दिलेलं वाचून दाखवतो. सिनेटर यावर वैतागून बोलतात आणि तो वैतागही रेकॉर्डवर असतो. पण लिहून दिलेल्या उत्तरातसुद्धा तारीख किंवा रक्कम असते, आणि ती एकदा रेकॉर्डवर आली की पुढच्या वेळी त्याच तारखेवरून पकडता येतं.

बिलावरच्या चर्चेत सिनेटर काय करतो? नुसती भाषणं?

इथे जरा सविस्तर लिहिते कारण लोक हाच भाग सोडून देतात. बिलाच्या पाच पायऱ्या असतात. पहिलीत बिल मांडतात. दुसरीत तत्त्वावर चर्चा, तिथे भाषणं असतात, छान छान. तिसरी कमिटी स्टेज, तिथे एकेक कलम आणि एकेक अमेंडमेंट घेतात आणि सिनेटरला एकाच मुद्द्यावर कितीही वेळा उठून बोलता येतं. चौथी रिपोर्ट स्टेज, पाचवी शेवटची.

कमिटी स्टेजचं रेकॉर्ड उघडून बघा. सिनेटर म्हणते मी अमेंडमेंट नंबर अमुक मांडते, कलमातला 'शकेल' काढून तिथे 'करेल' घाला एवढीच मागणी असते. मिनिस्टर म्हणतो हेतू चांगला आहे पण ॲटर्नी जनरलचा सल्ला वेगळा आहे. ती परत उठते, मग तो सल्ला नक्की काय ते सांगा. तो म्हणतो रिपोर्ट स्टेजच्या आधी बघतो. आणि खाली एक ओळ येते, परवानगीने अमेंडमेंट मागे घेतली. नवीन वाचणाऱ्याला वाटतं हरली. तसं नसतं! मागे घेतलेली अमेंडमेंट रिपोर्ट स्टेजला परत मांडता येते, मतदान घेऊन पडली तर तो रस्ता बंद होतो. म्हणून चांगला सिनेटर मिनिस्टरकडून सगळ्यांसमोर शब्द काढून घेतो, अमेंडमेंट मागे घेतो आणि दोन आठवड्यांनी तो शब्द हातात धरून परत येतो. शेवटी तोच बदल 'सरकारी अमेंडमेंट' म्हणून येतो आणि त्यावर सिनेटरचं नावही नसतं. कायदा वाचून हे कधीच कळणार नाही, चर्चा वाचूनच कळतं.

असं एखादं खरं उदाहरण आहे का जिथे एका अमेंडमेंटने मोठा बदल झाला?

आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. जिलियन व्हॅन टर्नहाउट, २०११ ला टीशख एंडा केनी यांनी नेमलेल्या अपक्ष सिनेटर, आधी मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या आघाडीच्या प्रमुख होत्या. आयर्लंडमध्ये आईवडिलांनी मुलाला मारलं तर कोर्टात 'वाजवी शिक्षा' असा बचाव चालायचा, इंग्रजांच्या काळापासून आलेला. मे २०१५ मध्ये युरोपियन सामाजिक हक्क समितीने आयर्लंडवर ठपका ठेवला की तुमच्याकडे मुलांना मारण्यावर पुरेशी बंदी नाही. त्याच वेळी मुलांच्या सुरक्षेचं चिल्ड्रन फर्स्ट बिल संसदेत चालू होतं, त्यात या बचावाबद्दल काहीच नव्हतं. व्हॅन टर्नहाउट यांनी शॅनडमध्ये अमेंडमेंट आणली की हा बचावच काढून टाका. मिनिस्टर जेम्स रायली यांच्याशी बोलणी करून ती अशा भाषेत आणली की पालकांसाठी नवीन गुन्हा तयार होत नाही, फक्त मोठ्या माणसाला मारलं तर जो कायदा लागतो तोच मुलालाही लागतो. सरकारने मानलं आणि ११ डिसेंबर २०१५ पासून तो बचाव संपला.

एक कलम, तेही नेमलेल्या सिनेटरने, ज्यांच्यामागे कुठला मोठा पक्ष नव्हता. आपल्याकडे अजूनही 'छडी लागे छमछम' कौतुकाने म्हणतात म्हणून मला हे उदाहरण प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

सिनेटर स्वतःचं बिल आणू शकतो का? की फक्त सरकारचं?

आणू शकतो, आणि काही पुढे कायदेही झालेत. फर्गल क्विन, सुपरक्विन सुपरमार्केट काढणारे, १९९३ ते २०१६ सिनेटर होते. बांधकामात छोट्या सबकॉन्ट्रॅक्टरचे पैसे मोठे कॉन्ट्रॅक्टर अडकवून ठेवतात म्हणून २०१० ला त्यांनी बिल आणलं आणि त्याचा २०१३ ला कायदा झाला. कॅन्सरचे डॉक्टर जॉन क्राउन यांनी दोन सहकारी सिनेटरांबरोबर मुलं बसलेल्या गाडीत सिगरेट ओढायला बंदी घालणारं बिल २०१२ ला आणलं, २०१४ ला ते पास झालं. इवाना बॅसिक यांच्या बिलामुळे २०१२ पासून ह्युमनिस्ट पद्धतीने, म्हणजे कुठल्याही धर्माशिवायच्या विधीने लावलेलं लग्नही कायदेशीर धरतात.

सगळीच बिलं अशी पार पडत नाहीत. गायिका फ्रान्सेस ब्लॅक यांचं व्याप्त प्रदेशांतल्या वस्त्यांच्या मालावर बंदीचं बिल २०१८ ला शॅनडने पास केलं आणि पुढे डॉलमध्ये वर्षानुवर्षं अडकून पडलं. आणि मेरी रॉबिन्सन, पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्या त्याच, यांनी १९७१ ला गर्भनिरोधकांवरची बंदी उठवायचं बिल आणलं तेव्हा शॅनडने ते साधं छापूही दिलं नाही, पहिल्याच पायरीला अडवलं. तरुण वकील होत्या, वय तिशीच्या आत. मर्यादित सूट मिळायला १९७९ उजाडलं.

एकाच सिनेटरचं काम वाचायचं असेल तर कुणाचं वाचू?

डेव्हिड नॉरिस. मी दुसरं नाव घेणारच नाही.

ट्रिनिटीमध्ये इंग्रजी शिकवायचे, जेम्स जॉइसचे अभ्यासक, १९८७ ला ट्रिनिटीच्या जागेवर निवडून आले ते जानेवारी २०२४ पर्यंत, मधे एकदाही खंड नाही, शॅनडच्या इतिहासात सगळ्यात जास्त काळ सलग. आयर्लंडमध्ये समलैंगिक असल्याचं उघडपणे सांगून निवडून आलेले ते पहिले. त्या वेळी पुरुषांमधले समलैंगिक संबंध तिथे गुन्हाच होते, १८६१ च्या ब्रिटिश कायद्याने, आपलं ३७७ कलमही त्याच काळातलं. नॉरिस त्याविरुद्ध कोर्टात गेले होते, १९८३ ला सुप्रीम कोर्टात तीन विरुद्ध दोनने हरले, वकील कोण तर मेरी रॉबिन्सन, मग स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टात १९८८ ला जिंकले. तरी कायदा बदलायला सरकारने १९९३ उजाडवलं.

आता हे वर्षांच्या हिशोबाने बघा. १९८७ ते १९९३, सहा वर्षं, हा माणूस अशा संसदेत रोज उठून बोलत होता जिच्या पुस्तकातल्या कायद्याने तो गुन्हेगार होता. आणि बोलत काय होता, तर पूर्व तिमोर, तिबेट, डब्लिनच्या जुन्या जॉर्जियन इमारती वाचवणं, सगळं. स्वतःच्या एका प्रश्नापुरता तो कधीच नव्हता. नंतर शॅनन एअरपोर्टवरून अमेरिकेची कैदी नेणारी विमानं जातात का यावर ते वर्षानुवर्षं विचारत राहिले. २००४ ला सिव्हिल पार्टनरशिपचं बिल स्वतः आणलं, तेव्हा ते पुढे गेलं नाही, सरकारी कायदा २०१० ला आला, आणि २०१५ ला जनमतात ६२ टक्के लोकांनी समलिंगी लग्नाला होकार दिला. वाचायचं असेल तर जून १९९३ पासून सुरुवात करा, समलैंगिक संबंध गुन्ह्यातून काढणाऱ्या बिलावरच्या शॅनडच्या चर्चेपासून, आणि मग त्याच्या आधीच्या वर्षांतली ऑर्डर ऑफ बिझनेसची छोटी छोटी वाक्यं शोधा.

शॅनड बिल थांबवू शकत नाही ना? मग बोलून फायदा काय?

बरोबर, कायमचं थांबवू शकत नाही. साध्या बिलाला ९० दिवस अडवता येतं, पैशाच्या बिलावर तर २१ दिवसांत फक्त शिफारशी करता येतात, बदल करता येत नाही. पण फायदा काय ते वर व्हॅन टर्नहाउट यांच्या उत्तरात आलंय. डॉलमध्ये घाईत पास झालेल्या बिलातल्या चुका शॅनडमध्ये सापडतात, आणि मिनिस्टरने तिथे दिलेला खुलासा रेकॉर्डवर राहतो.

हे सभागृह बंद करायचं चाललं होतं ना?

हो, ४ ऑक्टोबर २०१३ ला त्यावर जनमत घेतलं. एंडा केनी सरकारचं म्हणणं होतं की खर्च वाचेल आणि गरजही नाही. ५१.७ टक्के लोकांनी नको म्हटलं आणि सभागृह वाचलं. सुधारणा करू असं सगळ्यांनी तेव्हा सांगितलं होतं, त्यातलं फारच थोडं झालंय आणि मला वाटतं हा लोकांच्या मताचा अपमान आहे.

कोण किती वेळा बोललं यावरून सिनेटरला मार्क द्यायचे का?

कृपया देऊ नका. रेकॉर्डमध्ये प्रत्येक वेळी तोंड उघडलं की ते वेगळं योगदान म्हणून दिसतं, 'ऐका ऐका' म्हटलं तरी आणि वीस मिनिटं कलम उलगडून सांगितलं तरी. जो सिनेटर सभापतींच्या गैरहजेरीत खुर्चीवर बसतो त्याचा आकडा तर नुसता फुगतो, कारण 'आता अमुक सिनेटर' हेही मोजलं जातं. उलट कमिटीत मान मोडून काम करणारा सभागृहात कमी दिसतो. त्यापेक्षा एक विषय घ्या, त्यावर तो माणूस वर्षभरात काय काय बोलला ते बघा आणि मत देताना त्याच बाजूला राहिला का ते तपासा.

सभागृहात बोललेल्यावर केस होऊ शकते का?

नाही, घटनेच्या १५ व्या कलमाने सभागृहात बोललेल्यावर कुठल्याही कोर्टात खेचता येत नाही. म्हणूनच बाहेरच्या माणसाचं नाव घेऊन आरोप करायला सभापती लगेच अडवतात, कारण तो माणूस तिथे उठून उत्तर देऊ शकत नाही. हा नियम मला अगदी योग्य वाटतो.

हे सगळं वाचायचं कुठे आणि कसं?

इरख्तसच्या वेबसाइटवर १९२२ पासूनच्या चर्चा फुकट आहेत, सिनेटरच्या नावाने, तारखेने, शब्दाने सर्च करता येतात. मधेच आयरिश भाषेत बोललेलं आयरिशमध्येच छापलेलं असतं, तिथे अडलात तर भाषांतराचं ॲप लावा आणि पुढे चला. मतदान आलं की दोन याद्या दिसतात, टॉ म्हणजे होकार देणारे आणि नील म्हणजे नकार देणारे, सगळ्यांची नावं, खाली मतं मोजणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सिनेटरांची नावं. आधी या याद्या बघा, मग वर जाऊन त्यांची भाषणं वाचा, कारण भाषणात बिलाला पाठिंबा आणि यादीत नील असं बऱ्याचदा दिसतं. काही खटकलं तर सिनेटरचा ऑफिसचा ईमेल त्याच वेबसाइटवर त्याच्या पानावर आहे, मेलमध्ये चर्चेची तारीख आणि अमेंडमेंटचा नंबर लिहा.